बाळ का रडते? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

'बाळकडू' हा शब्द आता बहुतेक भाषणांतच उरला आहे. अमक्यांना देशभक्तीचे बाळकडू आईकडून मिळाले, तमक्यांना गाण्याचे बाळकडू घरातच मिळाले, असे आपण सत्कार समारंभांतून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण बाळकडू म्हणजे मुळात काय? बाळाचे पोट दुखू नये, त्याला वारा धरू नये म्हणून सहाणेवर उगाळून त्याच्या जिभेवर लावलेले कडू चाटण. म्हणजे आपल्या भाषेने संस्काराला जे नाव दिले, ते पोटदुखीवरच्या औषधाचे आहे. ज्या समाजाला संस्कार म्हटले की हे चाटण आठवते, त्या समाजाने बाळांचे रडणे किती ऐकले असेल, याचा विचार करावा.

ते रडणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. बाळ दोन-तीन आठवड्यांचे. दूध नीट पिते, वजन वाढते, दिवसभर शांत असते. पण दिवेलागण झाली की त्याला काय होते कोण जाणे! मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन ते रडायला लागते. पाजायला घ्यावे तर तोंड फिरवते, पाळण्यात ठेवावे तर अधिकच किंचाळते. तास जातो, दोन तास जातात. मग जसे सुरू झाले तसेच ते आपोआप थांबते. घरातली माणसे घामाघूम होऊन एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

याला कुणी वारा धरला म्हणतात, कुणी गुबारा म्हणतात, कुणी दृष्ट लागली म्हणतात. डॉक्टर 'कोलिक' म्हणतात. हा शब्द मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आला. आपला शब्द 'शूळ'. शूळ म्हणजे टोचणारे हत्यार. दोन्हीकडे शब्दातच निदान करून टाकले आहे : दुखणे पोटात आहे. ते खरेच पोटात आहे की नाही, हे बाळाला विचारता येत नाही. या एका अडचणीतून पुढचा सगळा इतिहास घडला आहे.

ही अडचण आपल्याकडे फार पूर्वी नेमकी ओळखली गेली होती. आयुर्वेदात बालरोगांच्या शाखेला 'कौमारभृत्य' म्हणतात आणि तिचा मुख्य ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. हा ग्रंथ शतकानुशतके हरवल्यासारखाच होता. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहात त्याची खंडित पोथी सापडली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात ती छापून निघाली. तिच्यात 'वेदनाध्याय' नावाचा एक प्रकरणभर मजकूर आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे कसे ओळखावे, एवढाच त्याचा विषय. डोके दुखत असेल तर बाळ काय करते, कान दुखत असेल तर हात कुठे नेते, घसा दुखत असेल तर दूध कसे पिते, असे एकेक लक्षण त्यात सांगितले आहे. पोटशूळाची लक्षणे अशी : बाळ स्तन सोडून देते, रडते, उताणे ठेवले की अंग वाकवते, पोट ताठ होते, अंग गार पडते, तोंडावर घाम येतो. हे लिहिणारा माणूस पोथ्यांत डोके घालून बसणारा नव्हता. तो रात्री-बेरात्री कुणाच्या तरी घरी पाळण्याशेजारी बसून पाहत राहिलेला होता.

पण निरीक्षण संपून कारण शोधायची वेळ आली की ग्रंथांची वाट बदलते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बाळांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत. स्कंद, शकुनी, रेवती, पूतना, नैगमेष ही त्यांतली काही नावे. पूतना आपण कृष्णकथेतून ओळखतो. विषारी दूध पाजायला आलेली राक्षसी म्हणून ती आपल्या लहानपणीच्या गोष्टींत येते, पण वैद्यांच्या ग्रंथात ती एका रोगाचे नाव आहे. दुसरे कारण दुधाचे. आईने वातूळ खाल्ले, ती रागावली, तिने शोक केला की दूध बिघडते, आणि बिघडलेल्या दुधाने बाळ आजारी पडते. आईच्या मनाचा आणि बाळाच्या प्रकृतीचा संबंध ओळखणारी ही दृष्टी एका अर्थाने फार सूक्ष्म आहे. पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. बाळ रडले की चौकशीचा पहिला रोख आईकडे वळतो. तू काय खाल्लेस? तू चिडलीस का? बाहेर केस मोकळे सोडून गेली होतीस का? हा रोख पुढे दोन हजार वर्षे फारसा हलला नाही.

आमच्या गोमंतकात हे भय सटीच्या रात्री सर्वांत दाट असे. जन्मानंतरच्या सहाव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून ती रात्र जागवायची. हे जागरण किती खोल रुजले होते त्याचा पुरावा वेगळ्याच ठिकाणी मिळतो. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या जुन्या चालीरीतींवर बंदी घालणारे जे फर्मान काढले, त्यात जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाच्या विधींचाही समावेश होता. गोव्याचेच सुपुत्र असलेल्या अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या इतिहासाची साधार मांडणी केली आहे. धर्म बदलला, नावे बदलली, भाषेवर बंधने आली, तरी सहाव्या रात्री बाळाजवळ जागायचे हे घरातल्या बायकांनी सोडले नव्हते, असाच त्या बंदीचा अर्थ होतो. जी गोष्ट कुणी करतच नाही, तिच्यावर बंदी घालावी लागत नाही.

याच गोव्यात, त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, एक अजब पुस्तक छापले गेले होते. १५५६ साली गोव्यात छापखाना आला आणि सातच वर्षांनी, १५६३ च्या एप्रिल महिन्यात, गार्सिया द ऑर्ता या वैद्याचे हिंदुस्थानातील औषधींवरचे पोर्तुगीज पुस्तक बाहेर पडले. ऑर्ता १५३४ साली गोव्यात आला आणि १५६८ साली इथेच वारला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. असो, तो वेगळा विषय आहे. त्याच्या पुस्तकात हिंग, वेखंड, जायफळ, हिरडा, अफू अशी आपल्या घरातल्या डब्यांत आणि बटव्यांत असणारी एकेक वस्तू घेऊन चर्चा केलेली आहे, आणि ती कुठल्या भागात कोणत्या नावाने ओळखली जाते तेही दिले आहे.

हिंगाच्या प्रकरणातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाकडे फार किमती घोडा होता, पण त्याला पोटात वारा धरण्याचा आजार असल्यामुळे राजा तो विकत घेईना. त्या पोर्तुगीजाने घोड्याला पिठात हिंग घालून चारला आणि घोडा बरा झाला. राजाने भरपूर पैसे देऊन तो घेतला आणि उपाय विचारला. हिंग दिला असे कळल्यावर राजा म्हणाला, त्यात नवल काय, ते तर देवांचे अन्न. पोर्तुगीजाला हिंगाचा वास मुळीच सहन होत नव्हता. ते देवांचे नव्हे, सैतानांचे अन्न असावे, असे तो आपल्या भाषेत पुटपुटला! आज घराघरांत बाळाच्या बेंबीभोवती कोमट पाण्यात कालवलेल्या हिंगाचा लेप लावणाऱ्या आजींना हे ठाऊक नसते, पण पोटातला वारा आणि हिंग यांच्या नात्याची ही गोव्यात छापली गेलेली नोंद साडेचारशे वर्षांपूर्वीची आहे.

आता गुटीकडे वळू. माझ्या आजीकडे गुटीची वेगळी सहाण होती आणि तिच्यावर दुसरे काही उगाळायला बंदी होती. लाकडी डबीत बाळहिरडा, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, खारीक, बदाम आणि मुरुडशेंग असे सगळे असायचे. वजनकाटा नव्हता. माप म्हणजे वेढे. सहाणेवर दुधात किंवा पाण्यात ती वस्तू गोल फिरवायची, एक फेरी म्हणजे एक वेढा. जायफळाचा एकच वेढा, कारण त्याने गुंगी येते. बाळहिरड्याचे दोन, पोट साफ होत नसेल तर तीन. बाळ जसे वाढेल तसे वेढे वाढवायचे. हे लिहून ठेवलेले कुठेच नव्हते. सासूकडून सुनेकडे, सुईणीकडून बाळंतिणीकडे ते हातांनी गेले.

या डबीतली मुरुडशेंग मला नेहमी विचार करायला लावते. ही शेंग पीळ घातलेल्या दोरीसारखी असते. पोटात मुरडा येतो, आतडी पिळवटल्यासारखी होतात, म्हणून पिळाची शेंग त्यावर औषध, असे जुने तर्कशास्त्र. दिसण्यावरून गुण ओळखायची ही पद्धत युरोपातही होती. तिथे अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो म्हणून तो डोक्याच्या दुखण्यावर देत. माणूस सगळीकडे सारखाच. कारण सापडले नाही की तो साम्यावर भागवतो.

गुटीविषयी आपल्या मनात मोठा जिव्हाळा असतो, आणि तो असावा. पण आज जे माहीत आहे तेही स्वच्छ सांगितले पाहिजे. वेखंडाच्या तेलातील बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेने १९६८ साली ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. गुटी मधात कालवून देण्याची चाल अनेक घरांत आहे, पण मधातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो हे १९७६ पासून लक्षात येत गेले, आणि म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असे जगभरचे डॉक्टर सांगतात. उगाळायचे पाणी, सहाण, बोट यांची स्वच्छता हा आणखी एक प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधाची शिफारस केली आहे. त्यात गुटीही नाही, साधे पाणीही नाही.

गुटीपेक्षा काळोखा इतिहास आहे तो अफूचा. बाळाच्या तोंडात अफूची कणभर गोळी ठेवली की ते झोपते. त्याला 'बाळगोळी' असे गोंडस नाव होते. अफूने वेदना कमी होते, आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणजे रडणारे पोट खरोखरच शांत होते. पण त्याच अफूने श्वासही मंदावतो, बद्धकोष्ठ होते, भूक मरते. बाळ शांत झाले आहे की मरणाच्या दारात आहे, हे आईला कळत नाही. दोन्ही वेळी ते रडत नसते.

ही अफू येत होती कुठून? बरीचशी माळव्यातून. म्हणजे होळकर-शिंद्यांच्या मुलखातून, इंदूर-उज्जैनच्या बाजारांतून. आज तिथल्या मराठी माणसांच्या वैभवाच्या आठवणी सांगताना आपण वाडे, गाणे आणि पंगती आठवतो. त्या वैभवाच्या जमाखर्चात अफूचा हिशोबही होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू इंग्रजांना चुकवून पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनकडे जात असे, आणि या व्यापारात रॉजेरियो द फारिया यांच्यासारखे मुंबईत राहणारे गोमंतकीय व्यापारी श्रीमंत झाले. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला आणि कराचीची वाट बंद झाली, तेव्हा दमणचा हा धंदाही बसला. मोठा माल चीनला गेला, आणि त्यातली चिमूटभर आपल्या पाळण्यांतही पोचली. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे बाळांना अफू देण्याच्या या चालीविषयी देशभरातून साक्षी झाल्या होत्या.

हे फक्त आपल्याकडे होते असे समजू नये. इंग्लंडमध्ये 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफू आणि काकवीचे पेय कामगारवस्त्यांत सर्रास दिले जाई. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकले जात होते. त्यात मॉर्फिन होते. त्याच्या जाहिरातींत प्रसन्न आई आणि गुबगुबीत बाळे असत. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर आतली घातक द्रव्ये लिहिणे सक्तीचे झाले, १९११ साली अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने अशा औषधांना बालहत्यारी ठरवले, आणि तरीही ते सिरप १९३० पर्यंत बाजारात होते.

मुंबईच्या गिरण्यांत हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसला. कोकणातून, घाटावरून आलेल्या बाया दहा-दहा तास साच्यांवर उभ्या. बाळ कुठे ठेवायचे? चाळीच्या खोलीत, शेजारणीच्या भरवशावर. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी १९२२ साली अहवाल दिला. कामकरी बायकांच्या जवळजवळ सगळ्या बाळांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. या बाया क्रूर होत्या का? मुळीच नाही. त्या बाळांच्या रडण्याला पोट हे कारण असेल किंवा नसेल, पण अफूला कारण गिरणीचा भोंगा होता. हे ज्यांनी ओळखले त्यांनी आयांना उपदेश करण्याऐवजी कायदा मागितला. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया काम करतात तिथे पाळणाघर सक्तीचे केले. बाळाच्या जिभेवरची अफू दूर करायला वैद्यापेक्षा पाळणाघर आणि पगारी रजा जास्त उपयोगी पडली, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

अफूच्या जागी मग बाटली आली. विल्यम वुडवर्ड या इंग्रज औषधविक्याने १८५१ साली नॉटिंगहॅममध्ये ग्राइप वॉटर तयार केले. इंग्लंडच्या पूर्वेकडील दलदलीच्या भागात हिवतापाने आजारी बाळांना जे औषध देत, त्याने त्यांचे पोटही शांत होते असे पाहून त्याने हे मिश्रण बेतले. त्यात शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि अल्कोहोल असे. यातली शेपू म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला जेवल्यावर चघळायला देतात त्या बाळंतशेपा! आपल्याकडे आईने खाऊन दुधातून बाळाला पोचवायची वस्तू साहेबाने बाटलीत भरून थेट बाळाला पाजली. त्या औषधाच्या व्यापारचिन्हावर पाळण्यातल्या हर्क्युलिसने साप धरलेले चित्र आहे. आमच्या आजीला तो कालियाशी झुंजणारा बाळकृष्णच वाटायचा, आणि आम्ही कुणी तिची समजूत काढायला गेलो नाही. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या उद्योगसमूहामार्फत ते भारतभर पोचले. दूरदर्शनवरची त्याची जाहिरात आमच्या पिढीला आठवत असेल. बाळ रडते, आई विचारते, आजी तोडगा सांगते, आजीच्या आईनेही तोच सांगितलेला असतो. इंग्रजी बाटली दोन पिढ्यांत आजीबाईचा बटवा होऊन बसली. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातले अल्कोहोल काढून टाकले गेले. त्याआधी कित्येक बाळांची शांतता त्या अल्कोहोलची की शेपूची, हे कुणी सांगावे?

माझा मोठा मुलगा जन्मला तेव्हा आम्ही पणजीजवळ दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. महिनाभराचा झाल्यावर त्याचे संध्याकाळचे रडणे सुरू झाले. शेजारची बाई म्हणाली, "भुरग्याक दिश्ट लागल्या गे." सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट फार मोठी, असे ठरले. मग माझ्या जेवणातून चण्याची डाळ, बटाटा, वाल, कोबी एकेक करून गेले. शेवटी पेज आणि तूप उरले. एका डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितले आणि तरीही थेंबांची बाटली लिहून दिली. कचेरीतून भेटायला आलेल्या एका मैत्रिणीने तर, तू फार काळजी करतेस म्हणून तुझे दूध लागत नाही, असे निदान केले. सुश्रुताच्या काळापासून आलेली चौकशी माझ्यापर्यंत अशी पोचली. त्या दिवसांत कुणी मला बसवून एवढेच सांगितले असते की हे रडणे जगभर आहे, सहाव्या आठवड्याला ते सर्वांत वाढते आणि तीन-चार महिन्यांत जाते, तर माझे ते पावसाळ्याचे दिवस वेगळे गेले असते.

हे सांगणारी माहिती तेव्हाही उपलब्ध होती. १९५४ साली अमेरिकेतील मॉरिस वेसल आणि सहकाऱ्यांनी ९८ बाळांचा अभ्यास करून कोलिकची प्रसिद्ध व्याख्या केली : दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणारे, पण एरवी निरोगी बाळ. १९६२ साली बेरी ब्रेझल्टन यांनी ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. तेव्हा दिसले की साधारण सगळीच बाळे दुसऱ्या आठवड्यापासून जास्त रडू लागतात, सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत जाते आणि मग उतरते. जोर संध्याकाळी. म्हणजे कोलिक हा वेगळा रोग नसून सर्वसाधारण रडण्याचेच वरचे टोक असावे.

पुढे कॅनडातील रोनाल्ड बार यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. आफ्रिकेतील कलहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांत बाळ सतत आईच्या अंगावर असते आणि मागेल तेव्हा, तासात अनेकदा, थोडे थोडे पिते. त्या बाळांच्या नोंदी १९९१ साली प्रसिद्ध झाल्या. तीही सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त रडत होती! फरक इतकाच की प्रत्येक वेळचे रडणे लवकर आटोपत होते. १९८६ च्या एका प्रयोगात साध्या, निरोगी बाळांना रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ कडेवर घेतले, तेव्हा सहाव्या आठवड्याचे रडणे ४३ टक्क्यांनी कमी झाले. मात्र कोलिकने आधीच रडणाऱ्या बाळांवर हाच उपाय करून पाहिला तेव्हा असा फायदा दिसला नाही. म्हणजे कडेवर घेण्याने साधे रडणे कमी होते, पण ज्या बाळाला कोलिकची वेळ आलीच आहे, ते कडेवरही रडू शकते. यात आईचा दोष काय?

औषधांचा हिशोबही याच बाजूचा आहे. डायसायक्लोमिनचे थेंब एकेकाळी रामबाण म्हणून दिले जात. त्याने काही बाळांचा श्वास थांबल्याचे आढळल्यावर १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना ते देऊ नये असा इशारा दिला गेला. सिमेथिकोन हे वाऱ्यावरचे औषध चाचण्यांत साध्या पाण्याच्या थेंबांहून सरस ठरले नाही. लॅक्टोबॅसिलस र्‍यूटेरी या जिवाणूच्या थेंबांचा अंगावर पिणाऱ्या बाळांना काही उपयोग होतो असे २०१८ च्या एका एकत्रित अभ्यासात दिसले, वरच्या दुधावरच्या बाळांबद्दल तसे म्हणता आले नाही. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिने सोसत नाहीत, त्यांच्याबाबत डॉक्टर आईच्या आहारातून दूध काही काळ बंद करायला सांगतात. एवढेच. तीन हजार वर्षांच्या शोधानंतर हाती लागलेले सर्वांत भरवशाचे औषध म्हणजे दिवस जाऊ देणे.

पण दिवस जाऊ देणे हे वाचायला सोपे आहे. रात्री नऊ वाजता, तिसऱ्या तासाला, दिवसभर न झोपलेल्या बाईला ते सांगून पाहा. या टोकाला माणसाच्या हातून काय होऊ शकते, हेही इतिहासात आहे. जॉन केफी या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले की रडणाऱ्या बाळाला जोराने हलवल्याने त्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो. संताप अनावर होऊ लागला तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे, यात काही निर्दयपणा नाही. आणि आपल्याकडे पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने डाग देण्याची 'डंबा' नावाची प्रथा मेळघाटात अजून संपलेली नाही. २०२५ सालीही तिथून अशा बाळाची बातमी आली. त्या डागांमागेही बाळ वाचावे हीच तळमळ असते, आणि जवळ दवाखाना नसतो.

घरच्या उपायांतले किती उरतात? बरेच उरतात. बाळाला उभे धरून ढेकर काढणे, पोटाला कोमट हाताने तेल लावणे, पाय सायकलसारखे हलवणे, छातीशी घेऊन खोलीत फेऱ्या मारणे, एकसुरी आवाजात गुणगुणणे. यातले काहीच बाळाच्या पोटात जात नाही, म्हणून अपायही नाही. मात्र ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, शौचातून रक्त जात असेल, बाळ दूध सोडून मलूल पडले असेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर ते कोलिक नव्हे. तेव्हा आजी, ग्रह, गुटी सगळे बाजूला ठेवून त्याच पावली डॉक्टरकडे जावे.

आमच्या माशेलला देवकीकृष्णाचे देऊळ आहे. चोडणहून पोर्तुगीजांच्या भयाने हलवलेला हा देव. यशोदेची देवळे आणि चित्रे पुष्कळ, पण देवकी बाळकृष्णासह पुजली जाते अशी ठिकाणे विरळा. तिथे गेले की मनात येते, कृष्णाच्या पाळण्याची गाणी सगळी यशोदेला मिळाली. पण गोकुळात यशोदेचे घर भरलेले होते, बाळाला या हातातून त्या हातात घ्यायला गौळणी होत्या. बाळंतिणीला सव्वा महिना चुलीपासून दूर ठेवणाऱ्या आपल्या जुन्या रीतीत विटाळाची कल्पना होती, ती गेली ते बरेच झाले. पण तिच्या निमित्ताने घरात चार जास्तीचे हात असत, ते मात्र आता राहिले नाहीत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको आणि रडणारे बाळ. गुटीची डबी जपून ठेवायची असेल तर जरूर ठेवावी, ती आपल्या आज्यांची आठवण आहे. पण तुमच्या शेजारी, नात्यात कुणाच्या घरी दीड महिन्याचे बाळ असेल तर औषध सुचवायला जाऊ नका. दिवेलागणीला जा, हात धुवा, बाळाला तासभर आपल्या खांद्यावर घ्या आणि त्याच्या आईला सांगा, तू जेवून घे.